बॉन्डच्या 'बिग क्राउन'सारखं घड्याळ शोधताय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न (नाशिककरांसाठी खास)

गेली सहा-सात वर्षं मी एकाच घड्याळाच्या मागे आहे. शॉन कॉनरीने बॉन्ड म्हणून घातलेलं ते काळं, मोठ्या चावीचं (क्राउनचं) डायव्हर, म्हणजे पाणबुड्यांसाठीचं घड्याळ. रविवारी मिसळ खायला बसलो की मित्रांपैकी कोणीतरी मनगट धरून विचारतंच, हे ओरिजिनल आहे का, कुठून घेतलं, मलाही पाहिजे. तेच तेच प्रश्न पुन्हा पुन्हा येतात म्हणून एकदा नीट लिहून काढतोय. मी सातपूर एमआयडीसीत टूलरूमला आहे, दिवसभर हातात व्हर्नियर (बारीक मापं घ्यायचं साधन) असतो, त्यामुळे खाली मिलीमीटर जरा जास्त येतील, पण या शोधात खरी गंमत तिथेच आहे.

हे नक्की कोणतं घड्याळ?

रोलेक्स सबमरीनर, रेफरन्स (म्हणजे मॉडेल नंबर) ६५३८. सबमरीनर हे नाव १९५३ पासूनचं, आणि ६५३८ हे त्याच दशकाच्या उत्तरार्धात काही वर्षंच बनलं. 'डॉ. नो' (१९६२) मध्ये ते चामड्याच्या पट्ट्यावर दिसतं आणि 'गोल्डफिंगर' (१९६४) मध्ये त्या प्रसिद्ध पट्टेरी नायलॉनवर. 'बिग क्राउन' हे नाव चावीवरून पडलंय, ती ८ मिलिमीटरची आहे, त्या मानाने केस (घड्याळाची बॉडी) लहान आणि चावीच्या आजूबाजूला तिला धक्क्यापासून वाचवणारे कसलेही खांदे नाहीत. तारीख नाही, तारखेवरचं भिंग नाही, काच फुगीर अॅक्रिलिकची, डायल चकचकीत काळी आणि अक्षरं सोनेरी.

बरेच जण रॉजर मूरच्या घड्याळाशी याची गल्लत करतात. 'लिव्ह अँड लेट डाय' (१९७३) मधलं ते ५५१३, त्याला चावीशेजारी खांदे आहेत. हे खांदे सबमरीनरला १९५९ मध्ये ५५१२ पासून आले. म्हणजे विकणारा 'कॉनरीचं मॉडेल' म्हणत असेल आणि फोटोत खांदे दिसत असतील तर पुढे बोलायचं कारणच नाही.

मग ओरिजिनलच का नाही शोधत?

कारण ते आता म्युझियमच्या भावात गेलंय. २०१८ मध्ये न्यूयॉर्कला ख्रिस्टीजच्या लिलावात एका दुर्मिळ डायलच्या ६५३८ ला दहा लाख डॉलरच्या वर किंमत आली. साधी डायल असलेल्यांनासुद्धा आपल्या फ्लॅटच्या किमतीची बोली लागते.

दुसरं कारण कमी लोक सांगतात. त्या काळच्या डायलवर अंधारात चमकण्यासाठी रेडियम लावलेलं असायचं. आज ती डायल चमकत नाही म्हणून लोकांना वाटतं रेडियम संपलं, पण चमक जाते ती त्यातलं झिंक सल्फाइड थकल्यामुळे, रेडियमचं अर्धआयुष्य तर सुमारे १६०० वर्षं आहे. म्हणून आजोबांच्या ट्रंकेत पन्नासच्या दशकातलं चमकणारं घड्याळ सापडलं, कुठल्याही कंपनीचं असो, तर घरी उघडून डायल खरवडत बसू नका. ती पावडर श्वासात जाणं वाईट.

फर्स्ट कॉपी घेतली तर काय बिघडतं? दिसायला तर सेम असते.

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो म्हणून सविस्तर सांगतो.

आमचे अण्णा नाशिकरोडच्या नोट प्रेसमधून रिटायर झाले. १९२८ पासून तिथे नोटा छापतात, आणि त्या कॉलनीत वाढलेल्या पोरांना खरं-खोटं हा विषय घरात रोज ऐकायला मिळायचा. नोट उजेडात धरून बघायची सवय अजून गेलेली नाही. त्यामुळे ज्या वस्तूवर दुसऱ्याचं नाव खोटं छापलंय ती मनगटावर बांधायला माझं मन तयार होत नाही, आणि हे मी उगाच मोठेपणा म्हणून सांगत नाहीये, मला खरंच तसं वाटतं.

आता कायदा. ट्रेडमार्क कायदा १९९९, कलम १०३ आणि १०४. खोटा ट्रेडमार्क लावणं आणि तसा माल विकणं यासाठी सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख दंड आहे. बाहेरून मागवलेला असा माल कस्टमवाले जप्त करू शकतात, २००७ चे त्यासाठीचे वेगळे नियम आहेत. तुम्ही उद्या वैतागून तीच कॉपी कुणाला विकायला गेलात तर विकणारे तुम्ही झालात, हे लक्षात घ्या.

आणि कायदा बाजूला ठेवला तरी वस्तू म्हणूनही ती चुकीची निघते. 'मास्टर कॉपी', 'सेव्हन ए', 'सुपर क्लोन' असली नावं देऊन विकतात, पण बहुतेक कॉपी आजच्या सबमरीनरच्या असतात, म्हणजे ४१ मिलिमीटर, सिरॅमिक बेझल (काचेभोवतीची फिरणारी रिंग), खांदे, तारीख आणि भिंग. कॉनरीच्या घड्याळाशी त्याचा संबंध फक्त नावापुरता. म्हणजे नाव खरं नाही आणि आकारही बरोबर नाही, मग पैसे दिले कशाचे?

सुरुवातीला मीही एकदा एका दुकानातून असंच एक घेतलं होतं. नाव नको. डायलवर २०० मीटर लिहिलेलं होतं. रंगपंचमीला ते हातात ठेवून तिवंधा चौकातल्या रहाडीत (रंगाच्या पाण्याने भरलेल्या जुन्या हौदात) धप्पा मारला, बाहेर आलो तर काचेच्या आत वाफ. तिसऱ्या दिवशी काटे थांबले. मेन रोडच्या एका म्हाताऱ्या कारागिरांनी उघडून दाखवलं, मागच्या झाकणाला रबर रिंगच नव्हती. खाच होती, रिंग टाकलीच नव्हती. ते बघून मला जे वाटलं ते अजून विसरलेलो नाही, कारण ते घड्याळ बनवणाऱ्याला ते कधी पाण्यात जाईल असं वाटलंच नव्हतं, फक्त ते तसं दिसावं एवढंच काम त्याने केलं होतं.

मग होमाज म्हणजे काय? तीही कॉपीच ना?

होमाज म्हणजे जुन्या घड्याळाचा आकार, मांडणी, भाव घेतलेला पण नाव आणि चिन्ह बनवणाऱ्याचं स्वतःचं. डायलवर मुकुट नाही, रोलेक्स नाही. घेणाऱ्याला माहीत, बघणाऱ्याला माहीत, कोणी कुणाला फसवत नाही. आपल्याकडे डिझाइन कायदा २००० प्रमाणे वस्तूच्या दिसण्यावरचा नोंदणीकृत हक्क जास्तीत जास्त पंधरा वर्षं टिकतो, हे घड्याळ तर सत्तर वर्षांकडे चाललंय.

काही लोकांना होमाजही आवडत नाही, त्यांचं म्हणणं मला समजतं. पण मला जो आकार हवाय तो मूळ कंपनी आज बनवतच नाही. त्यामुळे मला तरी हा सरळ रस्ता वाटतो.

अॅक्युरेट म्हणजे नक्की काय बघायचं?

इथे मी थांबून थांबून लिहिणार, कारण लोक डायलवरची अक्षरं बघतात आणि प्रमाण बघायचं विसरतात.

सगळ्यात आधी चावी आणि केसचं नातं. मूळ केस साधारण ३७ ते ३८ मिलिमीटर आणि चावी ८. म्हणजे चावी केसच्या एकपंचमांशापेक्षा किंचित जास्त. आता बाजारातलं ठरावीक होमाज घ्या, केस ४१ आणि चावी ७, हिशेब केला तर सतरा टक्के. कागदावर फरक चार टक्क्यांचा, पण मनगटावर ते घड्याळ एकदम वेगळंच दिसतं, चावी बारीक आणि बॉडी सुजलेली. डोळ्याला काहीतरी खटकतं पण काय ते सांगता येत नाही, ते हेच असतं.

मग चावी केसला चिकटून बसते का ते बघा. मूळ घड्याळात चावी पूर्ण आवळल्यावरही तिच्या आणि केसच्या मधे थोडी फट आणि नळीचा तुकडा दिसतो. काही होमाजवाले चावी केसमधे अर्धी रुतवतात, मग सगळी मजा गेली.

लग, म्हणजे पट्टा अडकतो ते चार पाय. दोन्हीमधलं अंतर २० मिलिमीटर, आणि पायाला आरपार भोक पाहिजे, बाहेरून पिनचं टोक दिसतं असं. जुन्या घड्याळांचं ते लक्षण आहे, शिवाय पट्टा बदलताना सोपं पडतं. पायाच्या कडेला जी तिरपी कड मारलेली असते तीसुद्धा बघा, स्वस्तातल्या मालात बफिंग करताना ती कड गोल करून टाकतात. आमच्याकडे जॉबची कड अशी मारली तर रिजेक्ट होतो, इथे लोक 'फिनिश भारी आहे' म्हणून घेतात.

काच. मूळ अॅक्रिलिक, फुगीर, कडेला बघितलं की डायल वाकल्यासारखी दिसते आणि तो ऊबदार भाव तिथूनच येतो. आजकाल सफायर देतात, ओरखडे सहज पडत नाहीत, कडकपणाच्या मोज मापावर दहापैकी ९. पण जाड फुगीर सफायरला कधी कधी कडेने दुधाळ वलय दिसतं, फोटोत दिसत नाही, प्रत्यक्षात दिसतं. मला विचाराल तर अॅक्रिलिकच घ्या. ओरखडे पडतात हे खरं, पण पॉलिश पेस्ट आणि मऊ फडकं घेऊन दहा मिनिटं बसलात की जातात.

सोनेरी अक्षरं. ही गोष्ट फार कमी ठिकाणी जमते. जुन्या डायलवर सोनेरी रंग वरून छापलेला नसायचा, खालच्या पितळी पत्र्याचा रंगच काळ्या थरातून मोकळा ठेवलेला असायचा. म्हणून ती अक्षरं डायलच्या आत असल्यासारखी वाटतात. आजचे बहुतेकजण वरून सोनेरी शाईने छापतात, भिंगाखाली धरलं की अक्षर उठलेलं दिसतं. खोलात जाऊन करणारे थोडे आहेत, त्यांच्याकडे किंमतही तशीच.

काटे. तासाच्या काट्याला मर्सिडीजच्या चिन्हासारखे तीन भाग असलेला गोल पाहिजे. मिनिटाचा काटा मिनिटांच्या खुणांपर्यंत पोचला पाहिजे. स्वस्तात तो हमखास आखूड असतो, कारण मशीनवाल्याकडे जे तयार काटे असतात तेच लावतात.

बेझल. मूळ रिंग दोन्हीकडे फिरायची, क्लिक न करता, नुसती घर्षणावर. आजची होमाज १२० क्लिकची आणि एकाच दिशेने फिरणारी असतात. इथे मी मुद्दाम अॅक्युरेसी सोडायला सांगतो. एका दिशेने फिरणाऱ्या रिंगचं कारण साधं आहे, धक्का लागून चुकून फिरली तर पाण्याखाली गेलेला वेळ जास्तच दाखवेल, कमी कधीच नाही, म्हणजे डायव्हर लवकर वर येईल. डायव्हिंग घड्याळांच्या आयएसओ ६४२५ या मानकातही रिंग चुकून फिरू नये अशी अट आहे. वर लाल त्रिकोण असला तर छान.

आणि क्रीम रंगाचं 'जुनं झालेलं' ल्यूम (अंधारात चमकणारा रंग)? आवडीचा प्रश्न. १९६४ मध्ये ते घड्याळ इतकं पिवळं नव्हतं, हे मात्र खरं. मला फिकट आवडतं, एकदम पिठल्यासारखं पिवळं नको.

फोटोवरून माप कसं काढायचं? विकणारा खरं सांगत नाही.

सोपं आहे. समोरून सरळ काढलेला फोटो घ्या, प्रिंट काढा किंवा लॅपटॉपवर मोठा करा, आणि दोन पायांमधलं अंतर साध्या पट्टीने मोजा. ते खऱ्यात २० मिलिमीटर आहे हे आपल्याला माहीत आहे. समजा फोटोत ते ५० मिलिमीटर आलं आणि चावी २० आली, तर खरी चावी २० गुणिले २० भागिले ५०, म्हणजे ८. केसचंही तसंच. फोटो जवळून मोबाइलने काढलेला असेल तर मधला भाग फुगलेला येतो, मग माप चुकतं, म्हणून विकणाऱ्याला सांगायचं की दोन-तीन फूट लांबून झूम करून काढ. आणि शक्य असेल तर चावीला व्हर्नियर लावलेला फोटो मागा. जो माणूस हा फोटो पाठवत नाही त्याच्याकडून मी घेत नाही.

तो पट्टा कोणता? नाटो ना?

नाही, आणि इथे भलेभले चुकतात. ज्याला आपण नाटो पट्टा म्हणतो त्याचं ब्रिटिश संरक्षण खात्याचं स्पेसिफिकेशन १९७३ चं आहे. सैनिकाला तो मिळवायला जी-१०९८ नावाचा फॉर्म भरावा लागायचा म्हणून त्याला जी-टेन म्हणतात. 'गोल्डफिंगर' त्याच्या नऊ वर्षं आधीचा. त्यातला पट्टा साधा एकपदरी नायलॉनचा.

रंगाचीही गंमत आहे. वर्षानुवर्षं लोक तो काळा-करडा समजत होते आणि तसेच पट्टे 'बॉन्ड नाटो' म्हणून अजूनही खपतात. सिनेमाची स्वच्छ प्रिंट चांगल्या पडद्यावर बघायला मिळाल्यावर कळलं की पट्टा गडद निळा आहे, त्यावर ऑलिव्ह हिरव्या रेषा आणि हिरव्याच्या कडेला बारीक लाल. शिवाय तो घड्याळाला लहान आहे! २० मिलिमीटरच्या जागेत साधारण १६ चा पट्टा, दोन्ही बाजूला पिन उघडी दिसते.

म्हणून माझा सल्ला असा की घड्याळ घ्यायच्या आधी पट्टा घ्या. काहीशे रुपयांत निळा-हिरवा-लाल १६ चा पट्टा ऑनलाइन मिळतो, आणि सगळ्या शोधात सगळ्यात अचूक वस्तू हीच असेल. अरुंद पट्टा पिनवर सरकतो, पिन वाकू शकते, म्हणून लग्नाकार्याला, सिनेमाच्या रात्री तो घालायचा आणि रोजच्या वापराला २० चा. पिन जाड आणि चांगल्या घ्या, स्कूटरवर जाताना घड्याळ पडलं की सगळं मुसळ केरात.

आत मशीन कोणतं असावं?

मूळ घड्याळात कॅलिबर १०३० ऑटोमॅटिक होतं, ते कोणी देणार नाही आणि मागूही नका. परवडणाऱ्या होमाजमध्ये बहुतेक सेइको एनएच३५ असतं, तासाला २१,६०० ठोके, २४ ज्वेल (घर्षण कमी करणारे खडे), साधारण ४१ तास चालतं, कंपनी दिवसाला उणे २० ते अधिक ४० सेकंदांचा फरक धरून चालते. ऐकायला जास्त वाटतं, पण आपल्याकडचा कुठलाही बरा कारागीर ते खोलू शकतो आणि पार्ट मिळतात. माझं दिवसाला आठ-नऊ सेकंद पुढे जातं, मला चालतं.

एक बारीक गोष्ट मात्र विचाराच. एनएच३५ तारखेचं मशीन आहे. त्यावर बिनतारखेची डायल बसवली की चावी पहिल्या टप्प्याला ओढल्यावर आत न दिसणारी तारीख फिरत राहते, याला भुताची तारीख म्हणतात. रात्री बाराच्या सुमारास आत टक्‌ आवाजही येतो. वापरायला काही त्रास नाही, पण ज्याला अॅक्युरेट पाहिजे त्याला ते सलतं. एनएच३८ मध्ये तारीख नसतेच. वरच्या किमतीत मियोटा ९०३९ बघा, तेही बिनतारखेचं आणि पातळ, ३.९ मिलिमीटर. एनएच मालिकेचं मशीन ५.३२ आहे, म्हणून घड्याळ जाड होतं. बारीक मनगटाला हा फरक कळतो.

पाण्यात खरंच चालेल? गंगापूर डॅम, स्विमिंग टँक, रहाड?

२०० मीटर लिहिलंय आणि ते खरं आहे, या दोन वेगळ्या गोष्टी. आयएसओ ६४२५ पाळणाऱ्या घड्याळाला लिहिलेल्या खोलीच्या सव्वापट दाबाची टेस्ट पास व्हावी लागते. नुसतं 'वॉटर रेझिस्टंट' लिहिलेल्याला हे लागू नाही. पाण्यात दर दहा मीटरला साधारण एक बार दाब वाढतो, त्या हिशेबाने त्र्यंबक रोडच्या तलावात पोहताना दाब फारसा नसतोच, पण चावी आवळायची राहिली तर दोन फूट पाणीसुद्धा पुरेसं आहे.

घड्याळ आलं की मी घरी एक साधी टेस्ट करतो. घड्याळ तासभर हातात ठेवून किंवा उन्हात थोडं गरम करून काचेवर थंड पाण्याचा थेंब टाकायचा, मिनिटभराने पुसायचा. आतून धुकं दिसलं तर आत ओलावा आहे. ही मानकातल्याच टेस्टची घरगुती आवृत्ती समजा. त्यापुढची खरी प्रेशर टेस्ट मशीनवरच होते, आपल्या गावात सगळ्यांकडे ते मशीन नाही, फोन करून विचारून जा.

गरम पाण्याची आंघोळ आणि साबण नको, रबर रिंग त्यानेच लवकर जाते. दर दोन-तीन वर्षांनी रिंगा बदला. रहाडीत मी आता घड्याळ घालत नाही, पाण्याची भीती म्हणून नाही, तर त्या गर्दीत उडी मारताना काच दुसऱ्याच्या तोंडाला लागेल म्हणून.

नाशिकमध्ये कुठे बघायला मिळेल?

खरं सांगतो, ६५३८ चं चांगलं होमाज शोरूमच्या काउंटरवर मला आजपर्यंत दिसलं नाही. कॉलेज रोड, गंगापूर रोडच्या शोरूममध्ये जायचं ते साइज ट्राय करायला. कुठल्याही कंपनीचं ३८, ३९, ४० चं डायव्हर मनगटावर ठेवून आरशात बघा, आपल्याला काय शोभतं ते तिथेच कळतं आणि त्याला पैसे पडत नाहीत.

मेन रोड, रविवार कारंजा भागातले जुने घड्याळवाले ही खरी संपत्ती. तिथे बसून मी जेवढं शिकलो तेवढं कुठल्याच व्हिडिओतून नाही. एचएमटीच्या जमान्यात शिकलेली ही माणसं आहेत, हातात घेतल्याबरोबर चावीचे आटे कसे आहेत ते सांगतात. फक्त त्यांच्याकडे दुपारी दोनच्या आत जा, घाई करू नका, आणि काका, जरा बघता का असं विचारलं की बघतात.

आणि मुंबईचा चोर बाजार? पंचवटी एक्सप्रेसने जाऊन येऊ का एखाद्या शुक्रवारी?

जा की, पण शिकायला जा. तिथे दिसणाऱ्या जुन्या घड्याळांत पुन्हा रंगवलेल्या डायल खूप असतात. खालची कंपनी खरी, मशीनही खरं, पण डायलवर नवा रंग आणि तिरकी अक्षरं. भिंग घेऊन जा आणि मिनिटांच्या खुणा सारख्या अंतरावर आहेत का ते बघा, तिथेच कळतं.

नशीब उघडतं कधी कधी, हेही खरं. 'थंडरबॉल' (१९६५) मध्ये बॉन्डला दिलेलं गायगर काउंटर (किरणोत्सर्ग मोजणारं यंत्र) लावलेलं ब्राइटलिंग टॉप टाइम इंग्लंडमध्ये एका जुन्या सामानाच्या बाजारात कुणालातरी २५ पौंडांना मिळालं होतं, आणि २०१३ मध्ये ख्रिस्टीजला ते एक लाख पौंडांच्या वर गेलं. पण त्या आशेवर महिन्याचं बजेट काढू नका.

बाहेरून मागवलं तर कस्टमचं काय?

ड्युटी आणि जीएसटी दोन्ही धरून बजेट करा, नेमका दर कुरिअर कंपनीला मागवायच्या आधी विचारा कारण तो बदलत असतो. विकणारा 'गिफ्ट लिहितो, किंमत कमी दाखवतो' म्हणाला तर नाही म्हणा. पार्सल अडकलं की विकणारा फोन उचलत नाही, कागदावर नाव तुमचं असतं.

बजेट जास्त असेल तर?

ट्यूडर. रोलेक्सची सख्खी बहीण कंपनी, दोन्हीमागे हान्स विल्सडॉर्फ. ब्लॅक बे फिफ्टी-एट २०१८ ला आलं, ३९ मिलिमीटर, चावीला खांदे नाहीत, सोनेरी छटा, आणि नावातलं अठ्ठावन्न हे ट्यूडरच्या स्वतःच्या १९५८ च्या बिग क्राउनवरून. २०२३ चं ब्लॅक बे ५४ तर ३७ चं आहे, मनगटावर मला ते जास्त जवळचं वाटलं. काटे मात्र स्नोफ्लेक आकाराचे, मर्सिडीज नाहीत, त्यामुळे कॉनरीशी तंतोतंत नाही. पण रक्ताचं नातं आहे. पैसे असते तर मी डोळे झाकून ५४ घेतलं असतं.

अमेरिकेतल्या एमके टू या छोट्या कंपनीने 'किंग्स्टन' नावाचं घड्याळ काढलं होतं, ६५३८ वरच बेतलेलं, फार मनापासून केलेलं. आता ते जुन्या मालातच मिळतं आणि लोक सोडत नाहीत.

मला कॉनरी नको, दुसऱ्या सिनेमातलं पाहिजे.

थोडक्यात सांगतो.

'गोल्डनआय' (१९९५) मधलं ओमेगा सीमास्टर, लाटांची निळी डायल. लोक ऑटोमॅटिकसाठी हट्ट करतात, पण त्या सिनेमातलं २५४१.८० हे क्वार्ट्झ आहे, ऑटोमॅटिक २५३१.८० हे 'टुमॉरो नेव्हर डाइज' (१९९७) पासून. म्हणजे इथे सेलवर चालणारंच जास्त अचूक. आणि हे ओरिजिनल सेकंडहँडमध्ये शोधण्यासारखं आहे, होमाजच्या भानगडीत पडू नका.

'अपॉकॅलिप्स नाऊ' (१९७९) मध्ये कॅप्टन विलार्डच्या हातातलं सेइको ६१०५-८११०. चावी चार वाजता, केस एका बाजूला फुगलेली, ४४ चं असूनही बसतं छान. सेइकोनेच २०२० मध्ये एसपीबी१५१ आणि १५३ म्हणून नवीन काढलं, ४२.७ मिलिमीटर. मूळ कंपनीच देतेय तर तेच घ्या.

'नो टाइम टू डाय' (२०२१) चं सीमास्टर टायटॅनियमचं, ४२ चं, जाळीच्या पट्ट्यावर. त्याची होमाज स्टीलमध्ये असतात, हातात घेतल्यावर वजनानेच फरक कळतो.

किती पैसे ठेवू?

मी बघितलेल्यांत एनएच३५ वाली बरी होमाज आठ ते पंधरा हजारांत असतात. त्याखाली बेझल हलते, चावीचे आटे कच्चे असतात. वर जाल तसं डायल आणि काच सुधारते, मशीन फारसं बदलत नाही. वर्षाला एक स्वस्त घेण्यापेक्षा दोन वर्षं थांबून एकच घ्या, माझ्याकडे तीन पडून आहेत आणि तिन्ही मिळून जे हवं होतं ते झालं नाही.

तुमच्या हातात आत्ता कोणतं आहे?

३९ ची केस, चावी व्हर्नियरवर ७.८, खांदे नाहीत, पाय आरपार भोकाचे, अॅक्रिलिक काच, वर लाल त्रिकोण. नाव बनवणाऱ्याचं स्वतःचं. आत एनएच३८, म्हणजे भुताची तारीख नाही. सोनेरी अक्षरं शाईने छापलेली आहेत, ते अजून खटकतं. मिनिटाचा काटा आखूड होता, तो रविवार कारंज्याच्या काकांनी दुसरा बसवून दिला, दीडशे रुपये घेतले आणि मागचं झाकण बंद करायच्या आधी नवी रबर रिंग ग्रीस लावून बसवताना मला जवळ बोलावून दाखवली.